जेवणघराच्या दारालगतची फळी

मुलींच्या वसतिगृहात जेवणघराच्या दारालगत एक लांब फळी होती आणि तिच्यावर एकशे बारा पट्ट्या टांगलेल्या होत्या. पट्टी म्हणजे बोटभर लांबीचा लाकडाचा तुकडा. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने हिरवा, आणि दोन्हीकडे मुलीचा हजेरी क्रमांक. झोपायच्या आधी वॉर्डनबाई सगळ्या पट्ट्या पांढऱ्या करून ठेवायच्या. सकाळी नाश्त्याला येताना प्रत्येकीने एक पट्टी हिरवी करायची. स्वतःची नाही, आपल्या खोलीतल्या जोडीदारणीची. फळीच्या वर एक ओळ रंगवलेली होती: ‘आज मी तिला डोळ्यांनी पाहिलं. ती बरी आहे.’

ही सगळी सिस्टरांची करणी. त्या कॅथलिक मेडिकल कॉलेजात सिस्टर पुष्कळ होत्या, वॉर्डातल्या वेगळ्या आणि मठातल्या वेगळ्या, पण नुसतं ‘थर्मास सिस्टर’ म्हटलं की कोण ते नव्या मुलीलाही आठवड्यात कळायचं. चॅपेलच्या मागच्या लहानशा खोलीत त्यांचा आधार कक्ष होता. दाराला कडी नव्हती. ती त्यांनी स्वतः पेचकस घेऊन काढून टाकली होती. साडेआठ वाजता त्या फळीपाशी यायच्या, आणि जी पट्टी पांढरी दिसेल तिच्या खोलीकडे थर्मास घेऊन निघायच्या. कॉफी द्यायच्या, पलंगाच्या कडेला बसायच्या, आणि समोरची बोलेपर्यंत उठायच्या नाहीत. फार वर्षांपूर्वी याच इमारतीत एक मुलगी बंद दारामागे तीन दिवस पडून होती. वर्गातल्या मुलींना वाटलं घरी गेली, घरच्यांना वाटलं अभ्यासात आहे. चौथ्या दिवशी दार फोडलं. फोडणाऱ्यांत सिस्टर होत्या. तेव्हापासून ही फळी.

“मी बरी आहे असं प्रत्येक जण म्हणतं,” त्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायच्या. “म्हणून मी तुला तुझ्याबद्दल विचारतच नाही. तुझ्याबद्दल दुसरीला विचारते.”

आता मुली त्या मुलीच. वर्षभरात फळीची थट्टा सुरू व्हायची. कुणी एकटीच खाली येऊन अख्ख्या मजल्याच्या पट्ट्या फिरवायची आणि त्या बदल्यात बाकीच्यांकडून बिस्किटं उकळायची. सिस्टरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण शंभरातल्या नव्वद जणी तरी खरंच पाहून फिरवतात, यावर त्यांची भिस्त होती.

शेवटच्या वर्षाच्या दोघी जणी बारा नंबरच्या खोलीत राहायच्या. एकीला सगळे पोथी म्हणायचे, कारण पुस्तकातली कुठलीही ओळ विचारा, ती पान क्रमांकासकट म्हणून दाखवायची. दुसरी सुतळी. अंगाने सुतळीएवढी, आणि ताणली की कधी तुटेल याचा नेम नाही. सुतळीचे वडील शिंपी होते. त्यांनी मुलीचा पांढरा कोट स्वतः शिवला होता, आतल्या बाजूला खिसा ठेवून, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते त्या खिशाची गोष्ट सांगायचे.

या दोघींच्या मध्ये गेल्या वर्षीची एक गोष्ट होती. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर सुतळीने जेवण टाकलं, झोप टाकली, भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. पोथीने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या सकाळी तिची पट्टी पांढरीच ठेवली. सिस्टर आल्या. त्यांनी सुतळीला तीन आठवडे घरी पाठवलं, डॉक्टरांकडे नेलं, परीक्षा पुढे ढकलून घेतली. सगळं चांगलंच झालं. सुतळी बरी होऊन परत आली. पण घरी त्या तीन आठवड्यांत वडिलांनी दुकान बंद ठेवलं होतं, आणि गिऱ्हाइकांना कोटाची गोष्ट सांगणं थांबवलं होतं. सुतळी दोन महिने पोथीशी बोलली नाही. एका खोलीत राहून दोन महिने अबोला म्हणजे काय, ते ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. पोथीने तेव्हाच कानाला खडा लावला होता: पुन्हा हिची पट्टी पांढरी ठेवायची नाही.

सर्जरीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी, सुतळीच्या पोटात दुखायला लागलं.

आधी बेंबीपाशी. “गॅस असेल,” ती म्हणाली आणि पुस्तक पोटाशी धरून बसली. चार वाजता तिला उलटी झाली. पाच वाजता दुखणं खाली उजवीकडे सरकलं. पोथी समोरच्या पलंगावरून हे सगळं पाहत होती, आणि तिच्या डोक्यात पुस्तकाचं पान आपोआप उलटत होतं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. भूक जाते. उलटी होते. बारीक ताप. तिने उठून सुतळीच्या पोटावर उजव्या बाजूला तीन बोटं ठेवली आणि हळूच दाबून पटकन सोडली. सुतळी किंचाळली.

“अगं, हे अपेंडिक्स आहे,” पोथी म्हणाली.

“नाही.”

“नाही काय? लहान पोरालाही कळेल. चल, कॅज्युअल्टीत जाऊ.”

“कॅज्युअल्टीतून सिस्टरांना फोन जातो. सिस्टर बाबांना फोन करतात.” सुतळीने तिचा हात घट्ट पकडला. “उद्या दुपारी दोनला माझी परीक्षा आहे. एवढी एक झाली की मी स्वतः चालत जाऊन टेबलावर झोपते. उद्या चारपर्यंत. फक्त चारपर्यंत.”

“आणि मध्येच काही झालं तर?”

“गेल्या वर्षी तूच,” सुतळी म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही. बोलायची गरजही नव्हती.

सुतळीने भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवलं. “त्याच्याकडे बघून सांग. कुणाला सांगणार नाहीस.”

पोथी देवधर्म फारसा करणारी नव्हती, चॅपेलमध्ये मागच्या बाकावर बसून जांभया देणाऱ्यांतली. पण क्रुसाकडे बघून तिने शपथ घेतली. ती का घेतली, असं नंतर तिला पुष्कळदा विचारलं गेलं. अबोल्याची भीती, एवढंच खरं होतं, आणि एवढंच सांगायला लाज वाटण्यासारखं होतं.

डॉक्टर होऊ घातलेल्या मुलींची एक खोड असते, आणि ती दुसऱ्या कुठल्या वसतिगृहात सापडायची नाही. त्या दवाखान्यात जात नाहीत. दवाखाना खोलीत आणतात. पोथीच्या कपाटात बुटांच्या खोक्यात निम्मं औषधाचं दुकान होतं: गोळ्यांच्या पट्ट्या, सुया, वॉर्डातून खिशात आलेल्या बाटल्या. खिडकीच्या पडद्याच्या दांडीला बँडेजची गाठ मारलेली होती, तिला आजवर किती जणींची सलाइन टांगली गेली त्याची गणती नाही. त्या संध्याकाळी तिथे सुतळीची टांगली गेली. पोथीने तिला दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं. हात सफाईने चालला, शीर पहिल्याच टोचणीत सापडली, आणि त्या सफाईचा तिला क्षणभर अभिमानही वाटला.

अर्ध्या तासात सुतळीचं कण्हणं कमी झालं. पोथीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. दुखणं दाबून टाकलं की आजार लपतो, हे सर्जरीच्या सरांनी वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं होतं. तेवढ्यात चॅपेलची सहाची घंटा झाली. ती पाणी आणायला खाली गेली तर जिन्यात समोर सिस्टर. हातात थर्मास.

“तुझी जोडीदारीण चहाला दिसली नाही.”

“अभ्यास करतेय, सिस्टर. उद्या परीक्षा.”

“काही खाल्लं का तिने?”

“हो, खाल्लं की.”

“तू पाहिलंस?”

“ताटाला ताट लावून जेवलो, सिस्टर,” पोथी हसत म्हणाली.

सिस्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे डोळे म्हातारे होते, पाणचट होते, पण एकदा लागले की सुटत नसत. मग त्यांनी थर्मास तिच्या हातात दिला. “दोघींनी घ्या. आणि तूही झोप, बाळा. तुझंच तोंड उतरलंय.”

पोथी वर आली आणि थर्मास कपाटावर ठेवून दिला. त्यातली कॉफी कुणीच प्यायलं नाही.

पहाटे पाचला सुतळीने तिला हाक मारली. पोथी धडपडत उठली. सुतळी उशीला टेकून बसली होती, कपाळावर घाम होता, आणि ती चक्क हसत होती.

“थांबलं,” ती म्हणाली.

“काय थांबलं?”

“दुखणं. एकदम. कुणीतरी दिवा मालवावा तसं. बघ, आता दाबलं तरी तितकं नाही. म्हटलं नव्हतं मी तुला, गॅस होता?”

पोथीला इतका आनंद झाला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सुतळीला मिठी मारली. मिठी मारताना तिचं मनगट हातात आलं आणि सवयीने तिने नाडी मोजली. एकशे अठरा. तिने पुन्हा मोजली. एकशे वीस.

“परीक्षेची धडधड,” सुतळी म्हणाली.

“माझीही तेवढीच असेल,” पोथी म्हणाली. स्वतःची मात्र तिने मोजली नाही.

तिची परीक्षा नऊला होती, सुतळीची दोनला. सुतळी म्हणाली की मी जरा पडते, रात्रभर झोप नाही, बाराला उठवायला ये. ओठ कोरडे पडले होते. पोथीने तिला चमच्याने पाणी पाजलं. पांढरा कोट खुंटीवर इस्त्री करून तयार होता. दार ओढून घेताना पोथीने मागे वळून पाहिलं. सुतळीने गुडघे पोटाशी घेतले होते आणि डोळे मिटले होते. चेहरा राखेसारखा दिसत होता. खिडकीतला उजेडच तसा असेल, असं पोथीने स्वतःला समजावलं.

जेवणघरात कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या मुली घास तोंडात कोंबत एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. पोथी फळीसमोर उभी राहिली. ‘आज मी तिला डोळ्यांनी पाहिलं.’ पाहिलं होतं. ‘ती बरी आहे.’ तीच तर म्हणाली, बरी आहे म्हणून. पोथीने हात वर केला, सुतळीची पट्टी हिरवी केली आणि परीक्षेला पळाली.

परीक्षा वॉर्डाच्या शेजारच्या खोलीत होती. सर्जरीचे सर टेबलामागे बसले होते. पोथी त्यांची लाडकी. ते कबूल करत नसत इतकंच. दोन प्रश्न झाले, तीन झाले. पोथी घडाघडा बोलत होती. सरांनी पेन खाली ठेवलं, म्हणजे गुण ठरले होते, आणि ते नुसतेच गप्पांसारखं विचारू लागले.

“समजा, अपेंडिक्सचा पेशंट आहे. संध्याकाळपासून तळमळतोय. पहाटे तुम्हाला म्हणतो, डॉक्टर, दुखणं थांबलं. एकदम थांबलं. तुम्ही काय कराल?”

“घाबरेन, सर,” पोथी म्हणाली. तोंड आपोआप चालत होतं. “ते फुटलं असण्याची शक्यता आहे. फुटलं की आतला ताण सुटतो, म्हणून काही तास बरं वाटतं. पेशंट हसतो. नातेवाईकांना वाटतं संकट टळलं. पण तोवर पू पोटभर पसरायला लागलेला असतो.”

“छान. फसायचं नसेल तर काय पाहाल?”

“नाडी. दुखणं कमी होतं, पण नाडी वाढत जाते.”

“किती?”

“एकशे वी…”

पोथी थांबली. खोलीत घड्याळाचा आवाज येत होता. नऊ वाजून पंचवीस मिनिटं. पाच वाजल्यापासून साडेचार तास. तिने टेबलाची कड धरली.

“अहो, आठवत नाही का? तुम्हाला?” सर हसले.

“सर, ती माझ्या खोलीत आहे.”

“कोण?”

“पेशंट. बारा नंबर. काल दुपारपासून. मी इंजेक्शन दिलं. पहाटे पाचला दुखायचं थांबलं.” ती उभी राहिली होती, कधी उभी राहिली ते तिला कळलंही नव्हतं. “मला माहीत होतं, सर. मला सगळं माहीत होतं.”

सरांनी फोन ओढला आणि कॅज्युअल्टीला लावला. “मुलींच्या वसतिगृहात, बारा नंबरच्या खोलीत…” एवढं बोलून ते थांबले. ऐकत राहिले. त्यांचा चेहरा पोथीला वाचता येईना. मग त्यांनी फोन ठेवला.

“ती इथेच आहे,” ते खुर्ची मागे सारत म्हणाले. “पाऊण तास झाला. एक सिस्टर घेऊन आल्या. माझ्यासाठीच निरोप पाठवत होते.” दारात ते क्षणभर थांबले. “इंजेक्शन कोणतं, किती वाजता, किती दिलं? आठवून सांगा. आत्ता खोटं बोलू नका.”

पोथीने सांगितलं. आयुष्यात दिलेलं सगळ्यात बिनचूक उत्तर होतं ते, आणि ते देताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर सुतळीचा कोट घडी करून ठेवला होता. पोथी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. त्या रागावतील, निदान तोंड फिरवतील, अशी तिची तयारी होती. सिस्टर सरकल्या आणि त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.

आतून एक नर्स धावत बाहेर आली, रक्ताच्या पिशव्या घेऊन धावत परत गेली.

“तुम्हाला कसं कळलं?” पोथीने शेवटी विचारलं. “तिची पट्टी तर मी हिरवी केली होती.”

“तिची हिरवीच होती,” सिस्टर म्हणाल्या. “तुझी पांढरी होती.”

पोथीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. तिची पट्टी रोज सुतळी फिरवायची. ती घरी होती ते तीन आठवडे सोडले तर चार वर्षं, गेल्या वर्षीच्या अबोल्याच्या दोन महिन्यांतसुद्धा, एकही दिवस न चुकता. आज सुतळीला खाली येताच आलं नव्हतं. अपेंडिक्स ओळखणाऱ्या पोथीला, अख्खं पुस्तक पाठ असलेल्या पोथीला, एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती.

“काल जिन्यात तुझं तोंड पाहिलं होतं,” सिस्टर म्हणाल्या. “म्हटलं, पोरगी परीक्षेला घाबरलीय, वर एकटीच बसली असेल. मी तुला शोधत आले होते, बाळा. तुझ्यासाठी आले होते. दार ढकललं तर ती जमिनीवर.”

पोथीने तोंड हातांत झाकलं आणि ती रडली. हमसून हमसून, लहान पोरीसारखी. सिस्टरांनी पाठीवर हात ठेवला, पण ‘काही होणार नाही’ असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या खोटं बोलत नसत.

पावणेबाराला सर बाहेर आले. मास्क गळ्यात होता, डोळे थकलेले. “सगळं पोट भरलं होतं,” ते सिस्टरांना म्हणाले. पोथीकडे त्यांनी पाहिलं नाही. “धुऊन काढलंय. रक्तदाब अजून धरत नाही. वेळेवर आणलं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस काढले तर पाहू. घरच्यांना बोलवा.”

सिस्टर फोन करायला उठल्या. तीन पावलं गेल्या आणि थांबल्या. “तिचे वडील विचारतील, काल कोण होतं तिच्यापाशी.”

“मी सांगते त्यांना,” पोथी म्हणाली. “येऊ देत. मीच सांगते.”

मग ती वसतिगृहात गेली. जेवणघर रिकामं होतं, पुसलेल्या फरशीला अजून ओल होती. फळीवर एकशे अकरा पट्ट्या हिरव्या होत्या आणि एक पांढरी, तिची स्वतःची. तिने हात वर केला. सकाळी एका झटक्यात फिरलेली सुतळीची पट्टी आता बोटांना जड लागली. तिने ती फिरवून पांढरी केली.

थोडा वेळ ती त्या ओळीखाली उभी राहिली. मग पुन्हा इस्पितळाकडे चालू लागली. अतिदक्षता विभागाच्या दाराला एक काच आहे, तिथून पलंग दिसतात. उद्या सकाळी त्या पट्टीचं काय करायचं ते तिला तिथे उभं राहून, डोळ्यांनी पाहून ठरवायचं होतं.